पात्रांवाचे हात

पुंडो गेला त्याला आता सात आठवडे झाले. बातमी सकाळी आली. पार्शाला माझ्या काजूच्या शेडसमोर टेंपो उभा होता, पोती उतरत होती, आणि फोनवर कुंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले..." मी तिथंच एका पोत्यावर बसलो. माणूस किती आपमतलबी असतो पाहा. पन्नास वर्षांचा दोस्त गेला आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की त्याला सांगायची एक गोष्ट राहूनच गेली.

ती सांगायला म्हणूनच मी आदल्या आठवड्यात धारगळला त्याच्या घरी गेलो होतो. पुंडो सोप्यावर उशीला टेकून बसला होता. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, पण मांडीवर वर्तमानपत्र उघडं होतं आणि चष्मा नाकाच्या टोकावर. त्यानं हात पुढे केला, मी हातात हात दिला, तर त्यानं तो सोडलाच नाही. उलटा केला, बोटं पाहिली, एकेक नख पाहिलं, वैद्यानं नाडी बघावी तसा बराच वेळ... मग म्हणाला, "हात गोरे झाले रे तुजे, पात्रांव." एवढंच. मग वहिनींनी चहा आणला, आम्ही हायवेच्या कामावर आणि यंदाच्या काजूच्या मोहोरावर बोललो, आणि जे सांगायला गेलो होतो ते न सांगताच मी चपला पायात घालून परत आलो.

पात्रांव म्हणजे मालक. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. मी शेडवर पाटी लावली त्या दिवसापासून पुंडो मला याच नावानं हाक मारायचा, आणि मला ते कधीच आवडलं नाही. बारा बायका, तेरा कटिंगची यंत्रं, बी उकडायची एक टाकी आणि गर वाळवायची एक भट्टी, यापलीकडे माझं साम्राज्य कधी गेलं नाही. आता सांगायचं होतं ते असं. एका मोठ्या व्यापाऱ्यानं माझ्यापुढे एक योजना ठेवली होती. शेड बंद करायची, यंत्रं विकायची. उकडलेली बी पोत्यात भरून बायकांच्या घरी पोचवायची, त्यांनी ती आपापल्या घरी फोडायची, संध्याकाळी गाडी येऊन गर घेऊन जाईल. मी फक्त बायका धरून द्यायच्या. शेडची डोकेदुखी नाही, सुट्ट्यांची भानगड नाही, आणि काजूच्या चिकानं कुणाचे हात भाजले तर ते त्यांच्या घरात भाजतील. हे शेवटचं व्यापारी बोलला नव्हता. ते मीच मनात पुरं केलं होतं. मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? गुडघे दुखतात, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो काही इथं चीक उपसायला येणार नाही. पुंडो काय म्हणेल ते मला पाठ होतं. तरी ते त्याच्या तोंडून ऐकावं म्हणून गेलो होतो, आणि त्यानं नुसते हात बघून माझं तोंड बंद केलं.

आमची ओळख पेडण्याच्या हायस्कुलातली. त्याचा बाप पाडेली, म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणारा. आमचं पार्शाला लहानसं दुकान आणि डोंगराच्या उतारावर थोडे काजू. मधल्या सुट्टीत पुंडो माझ्या डब्यातलं खायचा, हक्कानं, आधी आपल्याला आवडतं ते उचलून. एकदा कसल्याशा भांडणात मी त्याला डब्याची आठवण करून दिली. दहा-अकरा वर्षांचा असेल तेव्हा. तोंडातला घास नीट चावून, गिळून, मग म्हणाला, "तुज्या डब्यातला खातंय म्हणान तुजा ऐकतलंय असां नाय हां." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच शेजारी येऊन बसला. पुढं आयुष्यभर तो माझ्याशी असाच वागला, तेव्हा ते कळण्याएवढी अक्कल मला नव्हती इतकंच.

पुढं तो डिचोलीकडं खाणीवर फिटर म्हणून लागला आणि दोन-तीन वर्षांत युनियनचा माणूस झाला. लोक त्याला पुंडलिकभाई म्हणू लागले. डिचोलीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर माळ्यासारखी खोली होती, तिथं शनिवारी दुपारी त्याचा अभ्यासवर्ग भरायचा. मी एकदा टाकीचा व्हॉल्व्ह घ्यायला डिचोलीला गेलो असताना त्यानं मला पकडून तिथं नेलं. दहा-बारा माणसं होती, टिपरचे ड्रायव्हर, वर्कशॉपवाले, शाळेतला एक कारकून. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. त्या दिवशीचा विषय नेमका लहान मालक. मार्क्सवादातली मोठी मोठी नावं पुंडो घेत नसे, सगळं काही एका 'दाढयेवाल्या म्हाताऱ्या'च्या नावावर खपवायचा. "म्हातारो काय सांगता? जगात दोन बाजू. एकाकडे यंत्र, एकाकडे हात. पण मध्ये एक जात असा, जेच्याकडे यंत्रय असा आणि हातय असत. तो स्वता राबता, म्हणान अर्धो आमचो. दुसऱ्याक राबयता, म्हणान अर्धो तेंचो. वर बघून लाळ गाळता आणि खाली बघून घाबारता." आणि मग, काही सूचना न देता, माझ्याकडे बोट केलं. "ह्यो बघा जिवंत नमुनो. पार्शाचो काजूवालो."

सगळे हसले. कारकून तर वळून वळून मला पाहायला लागला, बाजारात आणलेला बैल पाहावा तसा. एका ड्रायव्हरनं विचारलं, मग असल्या माणसाचं करायचं काय? पुंडो म्हणाला, "तेका मारूचो नाय आणि तेच्यावर इस्वासय ठेवूचो नाय. तेच्या कानात सांगत ऱ्हवाचा. मोठो मासो एक दिवस तेका गिळूक येतलो, त्या दिवशी तो खंयच्या बाजूक उडी मारता तां आपण तेच्याशी कसां वागलंव तेच्यार असा."

खाली उतरून आम्ही हॉटेलात चहा घेतला. मी रागानं लालबुंद. म्हटलं, "गोल गोल नको. तुमच्या हिशेबात मी दोस्त की दुश्मन, एवढंच सांग." त्यानं उंडो पाव चहात बुडवला, तो मऊ होईपर्यंत धरून ठेवला आणि म्हणाला, "तां तू खंय बसतस तेच्यार असा." मला वाटलं, टाळलं लेकानं. दोस्ती ठेवायची आहे आणि पोथीही सोडायची नाही, म्हणून असं बोलतो. मग पुष्कळ वर्षं मी हा प्रश्न त्याला अधूनमधून विचारत राहिलो आणि तो तेच उत्तर देत राहिला.

खाणी बंद पडल्या आणि पुंडो धारगळला परत आला. हायवेच्या कडेला त्यानं पंक्चर आणि वेल्डिंगचं दुकान टाकलं. काम वाढलं तसा सातार्ड्याचा रघुनाथ त्याच्याकडे कामाला आला. जुना टिपर ड्रायव्हर, पुंडोपेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्याचीही खाणीवरची नोकरी गेलेली. पंधरा दिवस झाले नसतील, एका दुपारी पुंडो माझ्या शेडवर आला. दाराशी फळ्यांचा एक रिकामा खोका पडलेला असे, तो उपडा करून त्यावर बसला. ऑफिसातल्या खुर्चीवर तो कधीच बसत नसे. तोंड असं, की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. "आज रघुनाथाक धा मिनटां उशीर झालो," तो म्हणाला, "आणि मी तेका घड्याळ दाखयलंय." मी खो खो हसत सुटलो. इतक्या वर्षांची भरपाई एका मिनिटात झाली. तो हसला नाही. म्हणाला, "माका वाटला हुता, कामगार आणि मालक हेंच्या मध्ये लांब वाट असा. वाट बीट काय नाय रे. एक पावल असा. माजा पडला तां माकाच कळाक नाय." पुढच्या महिन्यात त्यानं रघुनाथला निम्म्यानं भागीदार करून घेतलं आणि पाटीवर दोघांची नावं रंगवली, 'पुंडलिक रघुनाथ'. व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकं रघुनाथला पुंडोचा बाप समजू लागली आणि "बाबा, मुलगा कुठं गेला?" म्हणून विचारू लागली. रघुनाथनंही मग बापाचा अधिकार गाजवायला कमी केलं नाही.

आता ती हातमोज्यांची गोष्ट सांगायला हवी. पुंडोची आठवण म्हटलं की मला तीच आठवते, आणि तिच्यात मी काही फार शोभून दिसत नाही.

काजूच्या टरफलात चीक असतो. तो कातडी जाळतो, काळी करतो, सोलून काढतो. म्हणून बी फोडण्याआधी हाताला तेल लावायचं. शेड सुरू झाली तेव्हा माझी आई रोज सकाळी तोटीची पितळी गिंडी घेऊन दाराशी उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओंजळीत स्वतःच्या हातानं खोबरेल घालायची. आमच्याच माडांचं, आमच्याच घरी काढलेलं. "हातांक जप गो बाये," असं प्रत्येकीला म्हणायची. आई गेली तरी मी ती रीत मोडली नाही. गिंडी जनाबायकडे दिली. जनाबाय पहिल्या दिवसापासूनची, मला शाळेच्या वयापासून बाबू म्हणणारी. कुणी पाहुणा आला की मी त्याला ते तेल घालणं मुद्दाम दाखवायचो. म्हणायचो, आमच्याकडे मालक-नोकर नाही, घरचीच माणसं. पुंडो एकदा हे ऐकून म्हणाला होता, "तेल घरचा, पण हात तेंचे." मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी जनाबायच्या नातीचं लग्न ठरलं. चुडा भरायला काकणकार घरी आला. नवरीचा झाला, आईचा झाला, मग आजीची पाळी. त्यानं जनाबायचा हात हातात घेतला, बोटं दाबून काकण चढवू लागला आणि ती कळवळली. बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली, खाली नुसतं लाल मांस. दोनदा प्रयत्न केला त्यानं. मग हात अलगद खाली ठेवून म्हणाला, "बाये, हात बरो झाल्यार मागीर भर." भरल्या घरात, सगळ्या बायकांदेखत, नातीच्या लग्नात आजी मोकळ्या मनगटांनी राहिली. विधवेलाही जिथं आता कुणी काकणांना अडवत नाही, तिथं हिला माझ्या काजूनं अडवलं.

सोमवारी बाराही जणी एकदम माझ्यासमोर उभ्या राहिल्या. जनाबाय म्हणाली, "बाबू, आमका रबराचे मोजे व्हये." आणि मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "आईच्या तेलात आता खोट दिसायला लागली होय?" मला खरोखरच वाटलं की त्या माझ्या आईला नावं ठेवताहेत. बत्तीस वर्षांची गिंडी, आणि या आता दुकानातले मोजे मागतात. जनाबायच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती मागे सरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेलो तो आत पुंडो, बायकांनी बोलावलेला. खोका त्यानं उचलून आत नेला होता आणि बायकांच्या रांगेत मांडला होता. मला वाटलं, समजूत घालायला आला असेल. मी म्हटलं, "ये रे, ऑफिसात ये." तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तुमी बसा. आमी हंयच बरे असंव." तुमी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तीन दिवस काम बंद राहिलं आणि तीनही दिवस शेडमध्ये मी तुमी होतो. पण त्यातही त्यानं एक गोष्ट केली, जी मला तेव्हा दिसली नाही. टाकीतून काढलेली उकडलेली बी पडून होती. वेळेवर फोडली नाही तर ती वाया जाते. पुंडोनं बायकांना सांगितलं, "उकडलेली बी फोडून टाका. ती अन्न असा. नयी उकडू नका." त्यांनी मुकाट्यानं उकडलेली सगळी फोडली, गर भट्टीत ठेवला, यंत्रं पुसली आणि मग हात बांधून बसल्या. मला झुकवायचं होतं, बुडवायचं नव्हतं.

दुपारी एक वाजला की हा माणूस उठायचा आणि माझ्याच घरी जेवायला यायचा! पार्शाला आला की तो आमच्याकडेच जेवायचा, त्यात खंड पडायचं कारण त्याला दिसत नव्हतं. पहिल्या दिवशी मीच दात-ओठ खात त्याला वाढलं. बांगड्याचं हुमण होतं. तो म्हणाला, "कढी घाल रे आणखी." तिथं मी पुन्हा तू. म्हटलं, "लाज नाही वाटत?" तो शांतपणे म्हणाला, "डब्याचा तुका तेव्हाच सांगितलां हुता." माझी बायको तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती ती.

तिसऱ्या रात्रीपर्यंत मी ताठ होतो. जेवण झाल्यावर बायकोला म्हटलं, आई असती तर हे दिवस बघून काय म्हणाली असती. ती भांडी गोळा करत होती, थांबलीसुद्धा नाही. "आईंनी तेल घातलां तेव्हा हंय मोजे खंय मिळत हुते?" ती म्हणाली. "मिळते तर तेंनी पयले हाडले असते." दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाचा बाजार. तिथून बारा जोड मोजे आणले.

गोष्ट इथं संपली असती तर पुंडो जिंकला, मी हरलो, एवढंच झालं असतं. पण पंधरा दिवसांत सगळे मोजे खिळ्यांना लटकले. बायका पुन्हा तेल लावून उघड्या हातांनी फोडत होत्या. मोजे घातले की बोटाला बी नीट कळत नाही, हात मंदावतो, आणि मजुरी तर किलोवर. हात वाचवला तर मजुरी बुडते, मजुरी वाचवली तर हात. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी स्वतः धारगळला गेलो आणि पंक्चर काढत बसलेल्या पुंडोला म्हटलं, "ये बघायला तुझी क्रांती. खिळ्याला टांगली आहे."

तो आला. आपला खोका ओढून तासभर नुसता बघत बसला. मग उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायांनो, माजी चूक झाली. तुमी मोजे मागितल्यात आणि मी मोजे घेऊन दिलंय. तुमी काम कसा करतात तां मी बघूकच नाय." यंत्रांचा खडखडाट थांबला. इतकी वर्षं भाषणं केलेला माणूस, एवढंच बोलून पुन्हा खाली बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तू बस. तेरावा यंत्र रिकामा असा." माझा आनंद उडाला. पण बारा बायका बघत होत्या. बसलो.

बत्तीस वर्षं मी काजूचा धंदा करत होतो आणि सलग तासभर बी कधी फोडली नव्हती. नमुन्याला दहा-वीस फोडायची आणि उठायचं, हे माझं फोडणं. त्या दिवशी डाव्या हातानं बी पात्यात धरायची, उजव्यानं दांडा दाबायचा, पायानं पेडल, सुईनं गर उचलायचा... अर्ध्या तासात डावं बोट चुरचुरायला लागलं, तासाभरात आग आग. आणि जनाबायची टोपली भरली तेव्हा माझ्या टोपलीचा तळ दिसत होता. पोरीबाळी खुदखुदत होत्या. पण त्या तासात एक गोष्ट मला दिसली, जी खुर्चीवरून दिसली नव्हती. चीक लागतो तो डाव्या हाताला. उजवा जवळजवळ कोरडाच. मी तसं म्हटलं तर जनाबाय म्हणाली, "तां आमका कधीचां ठावक असा. विचारलां कोणी?" मग तिनंच सुचवलं: मोजा फक्त डाव्या हातात, तोही पातळ आणि एक नंबर लहान. उजव्याला तेल. आणि पुंडो म्हणाला, मजुरी किलोवर राहिली तर पातळ मोजाही खिळ्यालाच जाईल, तेव्हा दिवसाचा रोज ठरव. मी चिडलो, भांडलो, माझं कसं निभायचं ते विचारलं. तो म्हणाला, "तू रोज एक तास हंय बस. नऊ ते धा. मग तुका परवडता काय नाय तां माका सांग." रोजावर काम सुरू झालं. माझ्या वाट्याला येणारं कमी झालं, पण शेड बुडाली नाही. ज्या बायका सोडून जायच्या त्या जायच्या थांबल्या. जनाबायनं पुढच्या चतुर्थीला दोन्ही हात भरून काकणं घातली आणि मला मुद्दाम ती वाजवून दाखवली.

सात वर्षं मी नऊ ते दहा बसलो. बोटं काळी पडली, लग्नाकार्यात लोक विचारायचे, मीही तिखटमीठ लावून सांगायचो. पुंडो आला की त्याच्या खोक्यावर बसून माझ्या टोपलीकडे बघून तोंड वाकडं करायचा. मग गेल्या वर्षी गुडघा दुखायला लागला. दोन दिवस बसलो नाही, मग आठवडा, मग व्यापाऱ्याचे फोन सुरू झाले आणि ते नेमके सकाळी यायचे... बघता बघता हात गोरे झाले.

त्याच्या अंत्ययात्रेला खाणीवरचे जुने लोक लाल बावटा घेऊन आले होते. रघुनाथ बापासारखाच रडला. आमच्या बाराही जणी टेंपोनं आल्या होत्या. शेड बंद ठेवायची का, हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. परत येताना जनाबाय माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "माजी चूक झाली म्हणान बायलांच्या फुड्यात सांगणारो दादलो मी तोच एक बघितलंय."

गेल्या गुरुवारची गोष्ट. व्यापाऱ्यानं सांगून ठेवलं होतं, साडेनवाला फोन करतो, काय ते एकदाचं सांगा. मी नऊला शेडमध्ये गेलो. दाराशी पुंडोचा खोका होता तसाच होता. सात आठवड्यांत कुणी त्याच्यावर पोतं ठेवलं नव्हतं की तो बाजूला सरकवला नव्हता. मी तो उचलून आत नेला, तेराव्या यंत्रासमोर ठेवला आणि बसलो. गुडघ्यानं कुरकुर केली. जनाबायनं माझ्याकडे पाहिलं, उठली, कोनाड्यातली गिंडी घेतली. "हात फुडे कर, बाबू." उजवा हात पुढे केला. तिनं तेल घातलं. डाव्या हातात मोजा चढवला. आणि मग, पहिली बी पात्यात धरून, मी त्यांना सगळं सांगितलं. व्यापारी कोण, तो काय म्हणतो, शेड बंद, पोती घरोघर, मी कसा मोहात पडलो, सगळं. पुंडोला सांगायचं राहिलेलं त्यांना सांगितलं. सांगताना वर बघायचा धीर झाला नाही, यंत्राकडे बघूनच बोललो.

जनाबाय म्हणाली, "घरात फोडूची? घरात नातवंडा असत. तीं हात घालतली." आणि जरा थांबून, "तू काय तां ठरव. आमी हंय बसलंव." तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बाराही यंत्रं थांबली. सगळ्या माझ्या खिशाकडे बघायला लागल्या. उजवा हात तेलानं माखलेला, डाव्या मोज्याला चीक लागायला सुरुवात झालेली.

"वाजता रे," जनाबाय म्हणाली.

"वाजां दी," मी म्हटलं. "हात भरलेले असत."

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. रांगेच्या टोकाकडून एक यंत्र खडखडलं, मग दुसरं, मग सगळीच. दहाला उठल्यावर मी हात धुतले आणि व्यापाऱ्याला स्वतःच फोन लावला. शेड चालू राहणार, एवढंच सांगितलं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा पाहिलं, तर मोज्याला पडलेल्या बारीक भोकातून चीक झिरपून डाव्या हाताची दोन बोटं काळवंडायला लागली होती. बायको म्हणाली, "धुवून ये आधी." मी म्हटलं, "धुतलेत. ते जायचं नाही आता." खोका तेराव्या यंत्रासमोरच आहे.